लव्हाळ्याची खुर्ची

एका राज्यात, ऑलिव्हच्या डोंगरांपल्याड, राजा फद्रिके आपल्याच सोन्याच्या सिंहासनाला चिकटून बसला होता. सिंहासन एका जादूगाराने शाप घालून दिलेलं. दर सूर्योदयाला सोनं राजाच्या अंगावर बोटभर चढे. पायांपासून निघालेलं ते आता छातीशी आलं होतं. ओठांशी पोचलं की राजाचा श्वास बंद.

राजाची लेक हिमेना. कुणाच्या घरात काय चाललंय हे जाणून घ्यायची तिला भारी हौस. तिने मनोऱ्यावरच्या करकोच्यालाच उपाय विचारला.

करकोचा म्हणाला, "नदीकाठच्या गावात जा. तिथली माणसं खुर्चीवरून कशी उठतात ते पाहून ये. पण राजाला त्यातलं अक्षर सांगू नकोस. सांगून उठवलं तर तो सुटायचा नाही."

हिमेना तीन दिवस चालली. दगडी पूल आला, चुन्याने रंगवलेली घरं आली. गाव इतकं शांत की पाण्यात मासा वळला तरी ऐकू यावं. खुर्च्या विणणाऱ्या लेओकादिया म्हातारीने तिला ठेवून घेतलं आणि तीन कामं सांगितली. बेडूक गप्प होऊ न देता नदीतला लव्हाळा कापायचा. दुपारी गाव निजलेलं असताना, कुणाला जाग न आणता, त्या लव्हाळ्याची खुर्ची विणायची. आणि संध्याकाळी ती गल्लीत मांडून बसायचं.

पहिली दोन कामं करताना हिमेनाची बोटं सोलवटली. तिसरं तर तिला काम वाटलंच नाही. ऊन उतरलं तशा घरोघरच्या खुर्च्या बाहेर आल्या आणि ती हरखली. तुमचंच दार निळं का, चुलीवर आज काय, धाकटी सून कुणावर रुसली, एकेकाला विचारत सुटली. गल्लीत कुणी आलं की कुणीतरी उठून त्याला खुर्ची देई. हिमेनाला ते दिसलं, पण बोलण्याच्या नादात ती बसूनच राहिली.

शेवटी खांद्यावर जाळं टाकून एक म्हातारा कोळी आला. बाकीच्या साऱ्या खुर्च्या भरून गेल्या होत्या. हिमेनाने हलून पाहिलं, तर लव्हाळ्याने तिला धरून ठेवलेलं. गुडघ्यावर सोनं चकाकत होतं.

"आजी, हे काय झालं?" तिने शेजारी बसलेल्या लेओकादियाला विचारलं.

"मला काय विचारतेस, पोरी? त्याच्याकडे बघ. दिवसभर पाण्यात उभा होता."

हिमेनाने कोळ्याचे सुजलेले पाय पाहिले. जन्मात पहिल्यांदा तिला काही विचारावंसं वाटलं नाही. "बसा आजोबा," ती म्हणाली आणि सहज उठली. सोनं कोंड्यासारखं झडून गेलं.

खुर्ची कोळ्यालाच देऊन ती आल्या पावली परतली. दरबारात पोचली तेव्हा सोनं राजाच्या हनुवटीला लागलं होतं. दरबारात माणसं शंभर, पण बसायला आसन ते एकच. गुपित तिच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं.

"बाबा, सहा दिवस चालतेय मी. आता उभं राहवत नाही."

राजाने लेकीच्या पायांकडे पाहिलं. चिखल होता, फोड होते. आपण जखडलोय हे तो विसरलाच.

"अगं, मग इथं येऊन बस ना," असं म्हणत तो उठला, आणि सोनं फरशीवर खणखणत पडलं.

जादूगाराची सगळी जादू त्या सोन्यात होती, ती तिथेच विझली. त्या दिवसापासून राजवाड्याच्या दारात संध्याकाळी खुर्च्या मांडतात. दमल्याभागल्याला तिथे जशी जागा मिळते, तशी ती साऱ्यांना मिळो. राजाही बसतो, पण फार वेळ नाही. रस्त्याने कुणी ना कुणी येतंच.