भिवराची हाळी

सरकून बसा, म्हाताऱ्यांनाही जागा द्या. किती पिढ्या उलटल्या ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण ही गोष्ट घडली ती इथेच, आणि ती भीतीची आहे.

शहराला तेव्हा तट होता. आमची कोष्टीपेठ तटाबाहेर, ओढ्यापलीकडे. दिवस कलला की शहराची वेस बंद व्हायची आणि पेठ उघड्यावर पडायची. नेमके तेव्हाच लुटारू यायचे. गुरं घरी परतताना रस्ताभर धूळ उठायची, त्या धुळीत ते आपले घोडे घालायचे. धूळ गुरांची की घोड्यांची, हे अंगणात टापा वाजेपर्यंत कळायचं नाही. दोन वर्षांत सात माणसं गेली. कातरवेळ झाली की बाया लेकरांची तोंडं हाताने दाबून धरायच्या.

पेठेचा कारभारी नागोजी शेटे किल्लेदाराकडे गेला, पाया पडला. किल्लेदार म्हणाला, "तटाच्या आतलं आमचं. बाहेरचं तुमचं तुम्ही बघा."

मग पेठेने ठरवलं, आपली राखण करणारा जागल्या आपणच ठेवायचा. दर सुगीला घरटी एक पायली ज्वारी द्यायची. काम मागायला आली ती भिवरा रामोशीण, हातात भाला घेऊन.

"बाईमाणूस?" नागोजी म्हणाला.

"तुमास्नी बाप्या पायजे का राखण पायजे?"

तिला ठेवली. असं म्हणतात, जमिनीला कान लावला की ती कोसावरचा घोडा आणि कोसावरची म्हैस वेगळी ओळखायची. तिची हाळी आली की सगळी पेठ नागोजीच्या चिरेबंदी आवारात शिरायची आणि दाराला अडसर पडायचा. लुटारू तीनदा आले आणि तीनदा रिकाम्या घरांतली मडकी फोडून गेले.

ओढ्याकाठी बुरुडांची तीन घरं होती. त्या साली त्यांचे बांबू जळाले, ज्वारी द्यायला उरली नाही. नागोजीने पेठ जमवली. "जो देत नाही त्याची राखण नाही. त्यांना आत घेतलं तर उद्या कुणीच देणार नाही." लोकांनी माना खाली घातल्या. ती काही वाईट माणसं नव्हती. भ्याली होती.

भिवरा एवढंच म्हणाली, "माझी हाळी काय घर बघून ऐकू येती व्हय?"

पौषातली अमावास्या आली. सांजेला गुरं वळली, धूळ उठली, आणि भिवराची हाळी घुमली. पेठ धावली. तीन घरांतली अकरा माणसंही धावली, म्हातारा राणू बुरूड नातीला पाठीवर घेऊन. ती सगळी पोचली तेव्हा दार लागलं होतं.

भिवराने दारावर भाल्याचा दांडा आपटला. "उघड नागोजी! घोडं वडापाशी आलं!"

आत नागोजीचा हात अडसरावर होता. त्याची बायको पुतळाई रडत म्हणाली, "अहो, उघडा की." पण हात हलेना.

बाहेर भिवराने बुरुडांना भिंतीशी बसवलं आणि त्यांच्यापुढे उभी राहून घोड्यांकडे तोंड करून एकेकाला नावानं हाक मारली.

"राणू बुरूड, हाईस का?"

"हाय!" राणू ओरडला. अशी तिने अकरा नावं घेतली. मग म्हणाली, "नागोजी शेट्या, हाईस का?"

नागोजी दाताला दात लावून आत उभा होता. आणि बाहेरच्या धुळीतून, त्याच्याच आवाजात, उत्तर आलं, "हाय!"

"पुतळाई, हाईस का?"

"हाय!"

पुतळाईने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबलं होतं. असं म्हणतात, त्या सांजेला आतल्या दोनशे माणसांनी आपापला आवाज बाहेरून ऐकला. कुणी किंचाळलं, कुणी जमिनीवर पडलं. बाहेर मात्र आवाजावर आवाज चढत गेला, धुळीत भाल्यांचं रान उभं राहिलं, आणि घोडे उधळले ते ओढा ओलांडूनही थांबले नाहीत.

धूळ बसल्यावर नागोजीचा हात अखेर हलला. दार उघडलं. अकराही माणसं भिंतीशी जिवंत होती. भिवरा उभी होती, भाला रोवून, डोळे उघडे. राणूने तिला हात लावला तेव्हा ती थंड होती. अंगावर एकही जखम नव्हती.

पुन्हा त्या वाटेने लुटारू आले नाहीत.

आता इथे पाचपाच मजली इमारती आहेत. फाटकावर राखणदार असतो, त्याचा पगार सगळी घरं मिळून देतात. कुणाला जमलं नाही तर बाकीचे भरतात, पण नाव विचारायचं नाही, ही भिवराची आण. आणि पौषातल्या अमावास्येला दिवेलागणीला वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई चौकात उभी राहून घराघराला हाक मारते, "आहात का?" तेव्हा चपला न घालता, हातातलं काम टाकून, जिने उतरून सगळे रस्त्यावर येतात. आतून दिलेलं उत्तर धरत नाहीत.