राखेने उघडलेली जमीन

कोण जाणे किती पिढ्यांमागे, बर्फाच्या डोंगराखाली एक गाव होतं. तिथे दोन जावा राहायच्या. थोरलीचं शेत थेट बर्फाला टेकलेलं, धाकटीचं खाली ओढ्याकाठी.

थंडी सरत आली की गावच्या बायका चुलीची राख शेतातल्या बर्फावर फेकायच्या. काळी राख ऊन धरते, बर्फ लवकर वितळतो, जवाची पेरणी वेळेत होते. आणि गावाचा नियम असा, की डोंगरावरचा बर्फ मागे हटला तर उघडी पडेल ती जमीन तिला लागून शेत असणाऱ्याची.

पुढे हिवाळे मऊ पडू लागले. बर्फ आपणहून मागे सरायला लागला. म्हाताऱ्यांना धास्ती वाटली, थोरलीला हाव सुटली. डोंगरावरच्या बर्फावर टाकायला ती घरोघर जाऊन राख मागू लागली. धाकटीला म्हणाली, राख दे, निम्मी जमीन तुझी.

"जाऊबाई, राख आपल्या शेतापुरती टाकायची असते," धाकटी म्हणाली.

"मग बस शेत धरून. माझी पोरं मोठी झाली. त्यांना काय ओढ्यातले गोटे वाटून देऊ?"

धाकटीलाही पोरं होती. नाही म्हणता येत होतं, तरी तिने राख दिली.

दरवर्षी दोघी वर जाऊन राख पसरायच्या. ऊनही वाढतच होतं. ओढा फुगून वाहायचा, म्हणून पाणी संपेल अशी शंका कुणाला आली नाही. मग एका उन्हाळ्यात बर्फ पार कड्यामागे गेला. अख्खं गाव नवी जमीन बघायला धावलं आणि जागीच थिजलं.

माती नव्हतीच. नुसता खडक, तासून गुळगुळीत झालेला, त्यावर लांबच लांब ओरखडे. थोरली खाली बसून खडक चाचपत राहिली.

"माती कुठे गेली गं?"

धाकटीने ओरखड्यांची दिशा बघितली. सगळे गावाकडे उतरत होते. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हजारो वर्षं हा बर्फ डोंगर घासत खाली सरकला होता. दरी त्यानेच कोरली होती, आणि त्याने दळलेल्या भुग्यावरच गावाची शेतं उभी होती.

"माती खालीच होती, जाऊबाई. वर होतं ते तिचं पाणी."

तेव्हा सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. जव दाणा धरत होता, आणि ओढ्यात नुसती वाळू चमकत होती.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: आपल्याला पोसणारं आटायला लागलं, की त्यात आपला वाटा शोधू नये. दुसरं कुणी शोधत असेल, तर त्याला साथही देऊ नये.