पेटीवरची बोटं

“प्रभूला मला काही सांगायचं असेल, तर तो मलाच सांगेल ना, बुवा? मधे हा थोमा कोण?”

लूकसबुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. हल्ली त्यांना जरा कमी ऐकू यायचं. आपलं बोलणं पोचलं की नाही, हे आशेरला कळेना. मग त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं.

आशेर भिंगारदिवे हा बुवांचा लाडका शिष्य. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत कीर्तन म्हटलं की अलीकडे त्याचंच नाव निघे, आणि ते निघतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पेटीच्या साथीला थोमा, अगदी लहानपणापासूनचा जिवलग.

गुड फ्रायडेला आशेरने, कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचं आख्यान लावलं होतं. कोंबडा आरवला, पेत्र ढसाढसा रडला, आणि त्याच्याबरोबर अख्खी मंडळी रडली. पाळकसाहेबांनीसुद्धा चष्मा काढून डोळे पुसले.

सामान आवरताना थोमा हळूच म्हणाला, पेत्र रडत होता तेव्हा तू कोण कोण रडतंय ते बघत होतास.

तेव्हापासून आशेरने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. राग होताच, पण खरं सांगायचं तर त्याला ते फार लागलं होतं. आता तो दुसरा पेटीवाला मागायला आला होता.

“कसा हवा?” बुवांनी विचारलं. म्हणजे ऐकू गेलं होतं.

“नुसती पेटी वाजवणारा.”

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. बघू म्हणाले, पण आधी जरा मला साथ कर, आज गावंसं वाटतंय.

आशेरने आतून पेटी आणली. बुवा गायचे तेव्हा साथीला तोच बसे, त्यांची पट्टी त्याला सांगावी लागत नसे. काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी. बुवांनी डोळे मिटले आणि पश्चात्तापाचं एक जुनं भजन सुरू केलं.

गळ्यातला गोडवा अजून तसाच होता. अंतऱ्याला मात्र आवाज खाली घसरला. हल्ली तो घसरायचाच. आशेरची बोटं सवयीने काळीवरून शेजारच्या पांढरीवर सरकली, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, बुवा गातात तोच सूर बरोबर.

बुवांनी डोळे उघडले. नजर पेटीवर गेली...

गाणं थांबलं.

“बोटं कुठं गेली रे?”

आशेरचा चेहरा उतरला.

बुवांनी वाकून त्याचा हात हातात घेतला आणि बोट परत काळी दोनवर ठेवलं. स्वतः भाता हलवला. कान पेटीजवळ नेऊन ते बराच वेळ तो सूर ऐकत राहिले, आपण कुठे होतो आणि तो कुठे होता, याचा अंदाज घेत.

“किती दिवस झाले?”

“...दोन वर्षं.”

मग आशेर घाईघाईने बोलू लागला. लोकांना काही कळत नाही, त्यांना तुमचं गाणं अजून तितकंच आवडतं, आणि तुमच्यापुढे मी तोंड कसं उघडणार. बुवांवर त्याचा जीव होता. जीव आहे म्हणूनच आपण गप्प राहिलो, असं त्याला आजवर मनापासून वाटत आलं होतं.

बुवा रागावले नाहीत. त्याचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

“तुझ्या थोमाने असं केलं असतं?”

आशेरने नकारार्थी मान हलवली. थोमा बोटं सरकवणारा नव्हता. त्याने तिथल्या तिथे सांगितलं असतं, आणि बुवांनी मारलं असतं तरी सांगितलं असतं.

“बुवा, मला माफ करा...”

बुवांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“दोन वर्षं रोज प्रार्थनेत विचारत होतो मी प्रभूला, माझं कुठं चुकतंय का म्हणून. वाटायचं, तो काही बोलतच नाही... त्याने तर तुला सांगून ठेवलं होतं.”