काट्याला विचारा

दरीतल्या एका गावात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून घरोघर तारेचं इंटरनेट होतं. ते देणारे दोघं, रंगनाथ ढोणे आणि त्याची शेजारीण कौसाबाई. तालुक्याहून दोघांनाही सारखीच तार आली होती. कौसाबाईनं त्या तारेवर साठ घरं घेतली आणि एकसष्टाव्याला सरळ नाही म्हणाली. रंगनाथनं दोनशे घरं लटकवली. बाईला धंदा कळत नाही, असं तो चारचौघांत हसून सांगायचा.

दोनशे घरांत व्हिडिओ अडकणारच. कुणी तक्रार घेऊन आलं की रंगनाथ खिशातून मोबाईल काढायचा आणि स्पीड मोजायचं पान उघडायचा. काटा झपकन शंभरावर. लबाडी अशी, की मोजणीची वाट त्यानं मोकळी सोडली होती आणि व्हिडिओची आवळून ठेवली होती. लोकांना काटा दिसायचा, आवळलेली वाट दिसायची नाही. तुझा मोबाईलच म्हातारा झालाय वहिनी, असं ऐकून बाया मुकाट परत जायच्या.

श्रावणात पुलावरून पाणी गेलं आणि त्याच दुपारी रंगनाथची म्हैस अडली. रेडकाचं नाक आणि एकच खूर बाहेर दिसत होता. गुरांचे डॉक्टर पुलापलीकडं. ते व्हिडिओवर आले. रंगनाथची बायको गोजरा म्हशीमागं गुडघे टेकून बसली.

"नीट दाखवा," डॉक्टर म्हणाले. "न बघता ओढलंत तर म्हैस जाईल."

तेवढ्यात चित्र थिजलं. आवाज गेला. पडद्यावर नुसतं चाक फिरायला लागलं. पावसामुळं सगळं गाव घरात बसून पिक्चर बघत होतं. रंगनाथनं बंद केलं, लावलं, पुन्हा बंद केलं. मग सवयीनं बोट स्पीडच्या पानावर गेलं. काटा शंभरावर. म्हैस मान टाकत होती.

गोजरानं वर बघितलं. "अहो, मग त्या काट्यालाच विचारा, दुसरा पाय कुठं अडकलाय."

चौकातल्या आपल्या दुकानात जाऊन घरोघरच्या दोनशे तारा उपटायला वेळ नव्हता. रंगनाथ कौसाबाईच्या कुंपणाशी गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "काकू, तुमचा पासवर्ड द्या."

कौसाबाईनं त्याचं हसणं कितीदा ऐकलं होतं. ती म्हणाली, "तुला देत नाही. म्हशीला देते. लिही."

चित्र स्वच्छ आलं. पाय मागं दुमडलाय, रेडकू आधी आत ढकला, मग खूर मुठीत धरून पुढं आणा, असं डॉक्टर सांगत गेले. गोजरानं दात आवळून तसंच केलं. रेडकू बाहेर आलं, पण त्यात जीव नव्हता. म्हैस वाचली. अर्धा तास आधी दिसलं असतं तर दोन्ही वाचली असती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी तक्रार घेऊन आली. रंगनाथचा हात खिशाकडं गेला. गोठ्याच्या दारात गोजरा शेणाचं घमेलं घेऊन त्याच्याकडं बघत उभी होती. हात रिकामाच बाहेर आला.

"मोबाईल चांगलाय तुमचा, आजी," तो म्हणाला. "माझ्याच तारेवर घरं जास्त झालीत. कमी करतो."

तात्पर्य: आकडा दाखवून तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करता येतं, पण अडलेल्याची वेळ थांबत नाही, म्हणून जेवढ्यांना पुरेल तेवढ्यांनाच शब्द द्यावा.