रुमालाखालचा तिसरा हात

एकदा हळदीच्या एका पेठेत एक तरुण व्यापारी भिंतींना घाबरू लागला.

भिंतींना म्हणजे अगदी भिंतींनाच. भाव बोलायचा झाला की तो आधी खिडकी लावी, मग पंखा बंद करी, कॅलेंडरावरच्या देवीचं तोंड भिंतीकडे फिरवी आणि मगच कुजबुजे. पेठ पोट धरून हसे. ज्याचं पोट भीतीनं गोठलेलं असतं त्याला मात्र हसू येत नाही.

त्या पेठेची रीत जुनी होती. सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि खाली बोटं दाबून भाव ठरवत. वर मुलांच्या लग्नाच्या गप्पा, खाली बोटांची झुंज. मांडीला मांडी लावून बसलेल्या सख्ख्या भावालाही आकडा कळत नसे. ही विद्या आपल्या व्यापाऱ्याला एका म्हाताऱ्या दलालानं शिकवली होती. पेठ त्यांना अप्पा म्हणे. अप्पा म्हणजे महाखोडकर. रुमालाखाली शिष्याला चिमटा काढायचे आणि तो ओरडला की चहाही त्यालाच पाजायला लावायचे.

विद्या पक्की होती, तरी शिष्य हरत होता. गिऱ्हाईक रुमालाखाली हात घाली आणि पहिल्याच दाबाला नेमका त्याचा शेवटचा भाव सांगे, ज्याच्याखाली तो उतरणार नव्हता तोच. सकाळी बाहेरगावच्या भागीदाराला त्यानं तो फोनवर लिहून कळवलेला असे. आधी वाटलं, योगायोग. मग ते रोजचंच झालं.

आणि एके सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"शेठ, खातं बदललंत का? रक्कम नव्या खात्यात टाका असा तुमचा मेसेज आलाय. म्हटलं, आधी विचारावं."

शेठनी फोन चाळला. असा मेसेज त्यांनी लिहिला नव्हता, फोनात दिसतही नव्हता. गिऱ्हाइकानं मात्र वाचून दाखवला. त्यांचंच नाव, त्यांचाच नंबर, शेवटी त्यांच्याच सवयीचं 'बाकी क्षेम'. आपल्या तोंडानं दुसरंच कोणीतरी बोलत होतं!

संशय कोणावर जाणार? पेढीवर भाव ठाऊक असणारा एकच माणूस, वडिलांच्या वेळचे दिवाणजी. त्यात त्याच दुपारी परदेशात माल धाडणारा बडा व्यापारी सौद्याला यायचा होता. हा सौदा बुडाला की पेढीला टाळं. शेठनी दिवाणजींकडून गोदामाच्या किल्ल्या काढून घेतल्या.

"उद्यापासून येऊ नका."

दिवाणजींनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि ते निघून गेले.

दुपारी शेठ भागीदाराला भाव लिहायला बसले, तोच दारात अप्पा उभे.

"काय रे शेठ, देवीनं काय गुन्हा केला? कोपऱ्यात तोंड करून उभी केलीस ती?"

"अप्पा, आज थट्टा नको. जीव राहिला नाही माझ्यात."

"मग तो फोन ठेव खाली. मोठ्या सौद्याआधी माझ्याशी एक सौदा कर. बोटं विसरलास की काय, ते बघू."

गुरूची आज्ञा! शेठ गोदामात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले. अप्पांनी आपलं भलंमोठं उपरणं दोघांच्या हातांवर, पार थप्पीपर्यंत पसरलं. शेठनी भाव दाबला, अप्पांनी उलट दाबला. आणि तेवढ्यात शेठच्या मनगटावर आणखी एक हात आला.

गार आणि थरथरणारा.

शेठना वाटलं, म्हाताऱ्याचा डावा हात. वर पाहिलं, तर अप्पांचा डावा हात नाकाशी, चिमटीत तपकीर! खालची बोटं हळूहळू मनगटावरून सरकली आणि शेठनी नुकताच दाबलेला भाव त्यांच्याच तळव्यावर पुन्हा दाबून गेली.

शेठची किंकाळी दाराबाहेरच्या हमालांनी ऐकली. उपरणं उडालं. थप्पीच्या फटीतून एक हात बाहेर आलेला होता, आणि त्या हातामागून दिवाणजी बाहेर आले. नवरदेवासारखे हळदीनं पिवळेधमक.

"सापडला!" शेठ ओरडले. "अप्पा, हाच चोर!"

"बस खाली. त्याला मी बसवलाय. यायला तयार नव्हता, हाताला धरून आणलाय." अप्पांनी तपकीर ओढली, दोन शिंका दिल्या आणि थट्टेचा सूर सोडला. "हा हात तुला कळला, कारण तो कापत होता. जो कापत नाही तो तुला कळला नाही. मध्यंतरी पेढीचा प्रिंटर बिघडला, तेव्हा कागद छापायला नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला होतास. त्यांच्या कॉम्प्युटरवर आपल्या फोनातलं सगळं उघडलंस. कागद घेऊन तू उठलास, पण ते बंद केलंस का?"

शेठ दारातून नाक्याच्या दिशेला बघू लागले.

"काल मी हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला गेलो, म्हणजे मी जिवंत आहे याचा कागद. तर पडद्यावर तूच उघडा. तुझे भाव, तुझी गिऱ्हाइकं, तुझं बाकी क्षेम. तिथं बसेल त्यानं ते वाचावं, तुझ्या नावानं मेसेज धाडावा आणि पुसूनही टाकावा. मीच बंद केलं असतं, पण मग तुला भीतीची चव कळली नसती. सौदा करताना बाळा, तू रुमाल टाकतोस आणि त्याआधी सकाळीच तो भाव चव्हाट्यावर वाळत घालतोस."

"पण वाचतंय कोण, अप्पा? नाव सांगा."

"एक असता तर सांगितलं असतं. त्या खुर्चीवर सगळी पेठ बसते."

शेठना पेठेचं ते हसणं आठवलं. त्यांनी फोन उघडला. आपला फोन कुठं कुठं जोडलेला आहे ती जागा अप्पांनी बोटानं दाखवली. तिथं एक अनोळखी कॉम्प्युटर होता. त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'आत्ता चालू'.

म्हणजे या घटकेलाही तिथं कोणीतरी बसलेलं होतं. आजच्या भावाची वाट पाहत.

शेठनी तो काढून टाकला. अंगठा तीनदा घसरला.

बडा व्यापारी आला. दोघांच्या हातांवर रुमाल पडला. पहिल्या दाबाला तो चुकला, मग चाचपडला, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी शेठच्या चेहऱ्याकडे बघून भाव ओळखायचा प्रयत्न करू लागलं. सौदा झाला.

तो गेल्यावर शेठनी दिवाणजींना समोर बसवलं आणि पुन्हा रुमाल टाकला. खाली त्यांच्या हातात किल्ल्या ठेवल्या. पेठेला काही दिसलं नाही. रुमाल मात्र बराच वेळ थरथरत होता. हात कोणाचा कापत होता, ते दोघांनाच ठाऊक.

आणि तुम्ही हो, हसताय कशाला? झेरॉक्सच्या दुकानात शेवटचे कधी बसला होतात, तेवढं आठवा.