तांबडी, राखाडी आणि मधली वायर

गाड्या एकमेकींशी बोलायच्या तेव्हाची गोष्ट. गफूरभाईंच्या जुन्या गाड्यांच्या आवारात साळुंकी कुजबुजली, "ऐकलंत का? शनिवारी गिऱ्हाईक येणार. दोघींतली एक त्याच्या घरी, अन् दुसरी भंगारा…" तेवढ्यात मांजर आलं आणि ती उडाली.

दोघी म्हणजे तांबडी आणि राखाडी. दोघींच्या जातीच्या नव्या गाड्या निघणं कधीच थांबलेलं.

"माझा पळ बघा!" तांबडी म्हणाली.

"पळ काय चाटायचाय? खड्ड्यात पोट घासतं तुझं. माझ्यात पाच माणसं ऐसपैस बसतात."

शनिवारी गिऱ्हाइकाने तांबडीची किल्ली फिरवली. ती गप्पच! बॅटरी उतरलेली. गफूरभाईंनी राखाडीच्या बॅटरीपासून तिला वायर जोडली.

"ताई, संपलं माझं," तांबडी पुटपुटली.

आपण नुसतं गप्प बसायचं, की सुटलो, हे राखाडीला कळत होतं. पण शेजारधर्म काही असतो की नाही? तिने सगळा जोर वायरीतून ओतला. तांबडी गुरगुरली, विकली गेली, आणि फाटकापाशी थांबून ताईसाठी हॉर्न वाजवून गेली.

सोमवारी भंगारवाला आला. गफूरभाई म्हणाले, "हिला हात लावू नको रे. रोज कुणाची तरी बॅटरी उतरते, ही असली की घोर नाही."

आता सकाळी जागी झालेली प्रत्येक गाडी आधी राखाडीला दिवे लुकलुकवून रामराम करते. साळुंकी मात्र अजून म्हणते, "अर्धं तरी खरं निघालं ना माझं?"