केळीची घोंगडी

एका थंडगार डोंगरावरच्या गावात एक विणकर राहत होता. घोंगडीने बरे होत नाही असे दुखणे जगात नाही, असे त्याचे ठाम मत होते. त्याची स्वतःची सर्दी तेवढी बारमाही होती.

त्याच्या लेकीचे लग्न पुढच्या वैशाखात करायचे ठरले. विहीणबाई सखल मुलखातल्या. त्या म्हणाल्या, "मांडवाच्या दारी केळ हवी. नसेल, तर लग्न आमच्या गावी."

विणकराने भर बैठकीत मिशीला पीळ दिला. "आमच्या घरचीच केळ उभी करतो!"

विणकराच्या सुनेने माहेराहून आणलेल्या दोन केळी पावसाळ्यात पुरुषभर वाढल्या होत्या. एक पुढच्या दारी, एक परसात, उकिरड्याशेजारी. कार्तिकात गारठा पडला, तशी सून कोयता घेऊन निघाली.

"अगं, पानं कापतेस? वैरीण आहेस का केळीची?"

"मामंजी, पानं गोठल्या दंवानं जाणारच. बुंधा कोरडा राहिला, की पुन्हा फुटतील."

"पुढच्या दारच्या केळीला हात लावायचा नाही. ती माझी!"

त्याने आपल्या केळीला पानांसकट नवीकोरी नक्षीची घोंगडी पांघरली. रोज कोमट पाणीही घातले. सुनेने परसातल्या केळीची पाने कापून बुंध्याला सुका पेंढा बांधला, वर मडके पालथे घातले आणि पाणी बंद केले. गाव म्हणाले, "सूनबाईंनी केळीला टोपी घातली!" सगळ्यात मोठ्याने विणकर हसला.

फाल्गुनात घोंगडी निघाली. आत केळीचा चिखल झाला होता. विणकराचा चेहराही तसाच झाला. आता लेकीला निरोप द्यायला परगावी जावे लागणार!

सुनेने मडके उचलले. खाली नुसते वाळके खोड. "हीही गेली," विणकर पुटपुटला.

सुनेने वरून पातळ चकती कापली. आत पांढराशुभ्र गाभा होता. आठवड्याभरात त्यातून हिरवी सुरळी वर आली. वैशाखापर्यंत केळ छपराला टेकली.

लग्नाआधी गडीमाणसे केळ तोडायला आली, तर विणकर कोयत्यापुढे आडवा झाला. "खबरदार! केळ हलणार नाही. मांडव हलवा!"

मांडव परसात पडला. नवरदेव वाजतगाजत उकिरड्याला वळसा घालून आला. विहीणबाईंनी केळीकडे पाहून विचारले, "एवढी कशी हो जगवलीत?"

विणकराने पुन्हा मिशीला हात घातला. मग सुनेकडे पाहून तो खाली घेतला. "तिला विचारा. मी फक्त हसलो होतो."

तात्पर्य: बुंधा राखायचा, तर पानांचा मोह सोडावा. आणि जाणत्या सुनेचे दंव पडण्याआधी ऐकावे. नंतर सगळेच ऐकतात.